जाळीतून पडलेलं ऊन

आई,

स्वयंपाकघरात ऊन आलंय. रोज साडेपाचच्या पुढेमागे येतं, आधी ओट्याच्या कडेवर, मग खाली फरशीवर, आणि ते कुठून कुठे सरकतं हे बघण्यात माझा चहा गार होतो. सरसकट ऊन असतं तर एवढं कौतुक नव्हतं. पण आमची पश्चिमेची भिंत सगळी जाळीची आहे, सिमेंटच्या ब्लॉकची. प्रत्येक चौकोनी ब्लॉकात समोरासमोर दोन पाकळ्या, आणि त्यातून येणारं ऊन पाकळ्या पाकळ्या होऊन येतं. फ्रिजवर, पोळ्यांच्या डब्यावर, माझ्या पायांवर. मी साठीला टेकलेली बाई, दिवसभर तुआसच्या कारखान्यात पंप आणि पाइपलाइनी बघून येते, मला अशा गोष्टींनी खरं म्हणजे काही व्हायला नको. पण होतं. आणि दरवेळी तू आठवतेस, कारण ही जाळी तू काढायचीस.

ही म्हणजे अगदी हीच नव्हे. ही सिंगापूरची, बुओना व्हिस्टाजवळच्या उतारावरच्या एका जुन्या इमारतीची, आणि तू सिंगापूर नकाशात तरी नीट पाहिलं होतंस की नाही कोण जाणे. पण तुझ्या कागदावरच्या जाळीची ही सख्खी बहीण शोभेल. ही इमारत पाडायला विकायची की नाही, यावर सही करायची वेळ माझ्यावर आली तेव्हा विचारायला मला तूच पाहिजे होतीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, एवढी एकच अडचण. तरी विचारलंच मनातल्या मनात. त्याचं काय झालं ते सांगते, पण आधी तुझंच तुला सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझं पुढे सरकत नाही.

शनिवारी माझी शाळा सकाळची असायची. बाबा फिरतीवर, घराला कुलूप, म्हणून मी सुटले की दप्तर घेऊन थेट कॅम्पात, तुझ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात. जिना चढतानाच अमोनियाचा वास नाकात शिरायचा आणि डोळे चुरचुरायचे, नकाशे छापायचं मशीन मागच्या मोरीलाच लागून होतं ना. पुढे खिडकीशी ड्राफ्ट्समन मंडळी पेन्सिलीने नकाशे काढत बसलेली, आणि मागच्या रांगेत तुम्ही तिघी-चौघी बायका, ट्रेसर. पेन्सिलीच्या नकाशावर पारदर्शक कागद ताणून चिकटवायचा आणि खालची प्रत्येक रेघ वर शाईने उतरवायची, हे तुमचं काम. तू मनगटाखाली घडी केलेला रुमाल ठेवतेस, घामाने कागद फुगू नये म्हणून. कागदावर आधी पावडरचा हलका हात फिरवतेस, शाई नीट बसावी म्हणून. आणि टेबलाच्या कडेला काडेपेटीत ठेवलेलं अर्धं ब्लेड. रेघ चुकली की वाळू द्यायची, ब्लेडच्या कोपऱ्याने अलगद खरवडायची, मग तिथे नखाने घासून कागद परत गुळगुळीत करायचा. एकदा चालतं, दुसऱ्यांदा कागद पातळ होतो, तिसऱ्यांदा भोक पडतं. हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मला वाटायचं, पाढ्यांसारखं हेही परीक्षेत विचारतील.

नकाशात जाळी असली की तुझा चेहरा सकाळीच सांगायचा. 'आज जाळी आलीय' असं म्हणायचीस, सासरची माणसं न कळवता आल्यासारखं. भिंत झरझर होते, खिडक्या-दारं होतात, पण जाळीला कंपास लागतो. एकेक पाकळी वेगळी. शेजारची लगेच काढली तर ओली शाई पट्टीखाली फासली जाते, म्हणून तू एक सोडून एक काढत पार टोकाला जायचीस आणि मग परत पहिल्यापासून मधल्या भरत यायचीस. मी स्टुलावर बसून डबा खात बघत असायचे आणि मला हे काम जगातलं सगळ्यात कंटाळवाणं वाटायचं. झालं की तू कागद उलटा करायचीस, डोकं खाली पाय वर, आणि नुसती बघत राहायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, 'सुलटा असला की डोळ्याला जे पाहिजे तेच दिसतं. उलटा केला की चूक आपण होऊन वर येते.' आणि यायचीच. उजव्या कोपऱ्यात खाली तीन बारके रकाने असायचे. काढलं कुणी, ट्रेस केलं कुणी, तपासलं कुणी. मधल्यात तुझी आद्याक्षरं, मुंगीएवढी. शेवटच्यात सरांची सही, फुलपाखराएवढी.

मी चौथी-पाचवीत असेन. प्रभात रोडला कुणाच्या तरी बारशाला गेलो होतो आणि परतताना तू म्हणालीस, 'चल, तुला एक घर दाखवते.' तू असं काही म्हणणारी बाई नव्हतीस. मला वाटलं भेळ मिळणार. तर तू मला एका फाटकाशी नेऊन उभं केलंस. पत्र्यासारखं पातळ सपाट छप्पर, कोपऱ्यात वळलेली खिडकी, खांबांवर उचललेली खोली आणि तिच्याखाली सावलीत गाडी. आपल्या भागातली सगळी घरं जमिनीवर बैठक मारून बसलेली, आणि हे घर मात्र आत्ताच टाचा उचलून उभं राहिल्यासारखं. 'हे महिनाभर माझ्या टेबलावर होतं,' तू म्हणालीस. तुझ्या आवाजात जे होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता स्वयंपाकघरात उभी राहून बघते तेव्हा कळतं. तू भारावली होतीस, आई.

बाग शिंपणाऱ्या बाईंनी विचारलं, कोण पाहिजे. तू ओशाळून सांगितलंस की कुणी नाही, मी ऑफिसात याचे नकाशे ट्रेस केले होते, रस्त्यावरून चाललो होतो म्हणून. बाई चांगल्या होत्या, आत बोलावलं, कोकम सरबत दिलं. आणि जेवणाच्या खोलीत ती भिंत होती, तुझी जाळीची भिंत, आतून सगळी पुठ्ठे आणि जुनी कॅलेंडरं ठोकून बुजवलेली. 'धूळ हो नुसती,' बाई म्हणाल्या, 'आणि पारवे. पोळीवर पिसं यायची.' तू म्हणालीस, 'हो, येणारच.' मी म्हटलं, 'पण मग जाळी दिसतच नाही.' तू माझा दंड असा चिमटलास की सरबत सांडलं.

बस स्टॉपपर्यंत मी धुमसत होते. वेडीच आहे ती बाई, एवढं छान घर, तू महिनाभर मान मोडून काढलंस आणि तिने पुठ्ठे मारले. तू थांबलीस. ओरडली नाहीस, तू कधीच ओरडायची नाहीस, तेच वाईट होतं. 'त्या घरात केर कोण काढतं, तू का मी? तुझ्या पोळीवर पिसं पडली असती तर तू खाल्ली असतीस? राहणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत. आपण रेघा मारतो, राहतात ते.' मग बस आली आणि आपण चढलो. सोमवारी तू परत ऑफिसला गेलीस आणि परत जाळी काढलीस, तितकीच चोख. तुझ्या किती जाळ्यांमागे पुठ्ठे बसले असतील देव जाणे. आणि ज्यांच्यामागे नव्हते, त्या घरांत आपल्याला कुणी सरबताला बोलावलं नाही. म्हणजे बघ, आयुष्यभर तू जाळी काढलीस आणि तिच्यातून ऊन पडलेलं एकदाही पाहिलं नाहीस.

मी पाहिलं. आम्ही इथे आलो ते आधी बिशानला, शाळेसाठी. तुझी नात तिथेच लहानाची मोठी झाली, मराठी सगळी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. ती नोकरीला लागून वेगळी राहायला लागली तेव्हा आम्ही लहान घर शोधत होतो. एजंट बाईने ही जागा अगदी शेवटी दाखवली, तीही माफी मागत. लिफ्ट नाही, जुनी इमारत, आणि घर एका पातळीवर नाहीच, बैठकीतून अर्धा जिना चढलं की स्वयंपाकघर, आणखी अर्धा चढलं की झोपायची खोली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आधीच्या मालकाने एसीसाठी पांढरा बोर्ड मारला होता. त्याचा कोपरा निखळला होता आणि त्या फटीतून एक पाकळी, एकच, समोरच्या भिंतीवर पडली होती. मी तिथे उभी राहिले ती राहिलेच. तुझा जावई, तू याला पाहिलं नाहीस, चांगला आहे पण जरा हिशेबी, तो नळ सोडून बघत होता. 'काय झालं?' म्हणाला. मी म्हटलं, 'हेच घर.' 'अगं, बाथरूम तरी बघ.' मी बाथरूम बघितलं नाही.

बोर्ड काढायला आलेला ठेकेदार म्हणाला, भिंतच हॅक करून टाकू, सगळे हॅक करतात. इथे तोडण्याला हॅक म्हणतात. मी त्याला जवळजवळ घालवूनच दिला. भिंत मोकळी झाली त्या दिवशी मी पहिली फोडणी मुद्दाम केली, चांगली मोहरी-हिंगाची, मिरच्या घालून. आणि धूर कुठे गेला सांगू? उतारावरचं वारं बैठकीच्या खालच्या खिडकीतून आलं, जिन्याने वर चढलं, स्वयंपाकघर ओलांडलं आणि सगळा खकाणा घेऊन जाळीतून बाहेर पडलं. पंखा बंद. तुझा जावई ठसका लागायची वाट बघत होता, तो लागलाच नाही. कुणीतरी एके काळी बसून हे सगळं ठरवलं होतं, आई. हा देश तेव्हा नवा नवा होता, सिमेंटच्या एकेका पोत्याचा विचार होत असणार, आणि तरी कुणाला तरी वाटलं की साध्या कुटुंबाच्या घरातही वारा जिना चढून यावा, ऊन नक्षी करून यावं. जिन्याचा कठडा गोल सागवानी, हात आपोआप त्यावर बसतो. पायऱ्या टेराझोच्या, आपण ज्याला मोझॅक म्हणायचो, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला काळी बारीक पट्टी, अंधारात पाय चुकू नये म्हणून. दिखाऊ असं काही म्हणून काही नाही. मी पहिले काही महिने पाहुण्यासारखी वावरत होते, हळू बोलत होते.

आमच्या एक मजला खाली एक चिनी म्हातारी राहते, सगळे तिला आंटी म्हणतात. इमारत नवी झाली तेव्हा ती नवी सून म्हणून आली. तिच्या घरात अजून तेव्हाचंच फर्निचर. दोन खुर्च्या आहेत, काय सांगू तुला, तिरके निमुळते पाय, हात टेकायची लाकडं पुढे पातळ होत गेलेली, वेताची बैठक, आणि कुठे जोड आहे ते दिसतच नाही. मी एकदा शोधायला फरशीवर आडवी झाले. आंटी हसून हसून खोकायला लागली. 'माय मदर-इन-लॉ से, धिस हाऊस ऑर फॅक्टरी?' म्हणाली. तिच्या सासूने ह्या खुर्च्यांत बसायचं नाकारलं होतं, शेवटपर्यंत लाकडी स्टुलावर बसली. आम्ही दोघी दर दोन-तीन दिवसांनी काहीबाही खाणं देतो-घेतो. ती जिन्यातून हाक मारते, 'इट ऑलरेडी?' म्हणजे जेवलीस का, आणि मी नाही म्हटलं तर वैतागते.

आणि मग एन-ब्लॉक आलं. म्हणजे असं, की ठराविक टक्के मालकांनी सह्या केल्या की पूर्ण इमारत एकदम विकायला काढतात. घेणारा ती पाडून तिथे उंच काचेचा काँडो बांधतो. जुन्या इमारतींचं इथे बहुतेक असंच होतं. हे शहर खरवडायला भीत नाही, शाई वाळली की ब्लेड तयारच. पहिल्या सभेत खुर्च्या टाकून सगळे गाडीतळावर बसलो होतो आणि मी उठून बोलले. मी भांडलेच म्हण ना. दर रविवारी मी इमारत दाखवायला लागले, आर्किटेक्चरची पोरं यायची कॅमेरे घेऊन, म्हातारी जोडपी यायची, मी त्यांना जिना दाखवायचे, कठड्यावर हात ठेवायला लावायचे, आणि साडेपाचला बरोबर स्वयंपाकघरात आणून उभं करायचे. एक मुलगी तर रडली. तुझी नात म्हणाली, 'आई, यू आर लाइक अ टेम्पल गाइड, लाह.' तुझ्या जावयाला विकून पुण्याला जायला आवडलं असतं, मला माहीत होतं. 'घर तुझ्या डोळ्यांनी घेतलंय,' एवढंच म्हणाला, 'सही तुझ्या हातानेच होऊ दे. तू केलीस तर मी करीन.' सह्या थोड्याच कमी पडत होत्या. आमच्यासारखी तीन-चार घरं अडून बसली होती, आणि त्या अडलेल्यांची पुढारी मी.

एका सकाळी मी कामाला निघाले होते. जिन्यात वळले तर आंटी पायरीवर बसलेली. मला वाटलं पडली. तर नाही, ती चढत होती. बाजारातून येऊन, पाठ जिन्याकडे करून, पिशवी एक पायरी वर ठेवायची, मग दोन्ही हात टेकून स्वतःला वर उचलायचं, मग परत पिशवी. माझ्याकडे बघून ती शरमली. मी तिला कितीदा सांगितलं होतं की ह्या पायऱ्या किती सुंदर आहेत, त्या काळ्या पट्ट्या बघा. ती पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, 'स्टेअर व्हेरी नाइस. आय ऑल्सो लाइक. ओन्ली कॅनॉट क्लाइम्ब.' मग हसली. मी पिशवी घेतली, तिला हात दिला. वर तिच्या दाराशी आलो, आणि दारातून आत तिच्याही घरात तो अर्धा जिना आहेच, स्वयंपाकघरात जायला. तिचा मुलगा बिशानला राहतो. त्याच्या शेजारी लिफ्टवाली जागा घ्यायची तर ह्या एकट्या घराचं जे येईल ते पुरत नाही. सगळी इमारत एकदम विकली गेली तर प्रत्येकाला जास्त मिळतं, मग पुरतं. हे तिने मला त्या दिवसापर्यंत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी तिला खुर्च्यांबद्दल विचारत होते.

त्या दिवशी तुआसला जाताना पूर्ण वेळ तू माझ्याशेजारी बसली होतीस. मी तुझ्याशी वाद घातला. म्हटलं, आई, ही जाळी बुजवलेली नाही, ही मोकळी आहे, हिच्यातून ऊन पडतं, तू बघितलं असतंस तर तूही असं म्हणाली नसतीस. असं घर आता कुणी बांधणार नाही. एकदा खरवडलं की गेलं. तू ऐकून घेतलंस. आणि मग बस स्टॉपवरच्याच आवाजात म्हणालीस, 'त्या घरात जिना कोण चढतं?' मला राग आला तुझा. मेल्यावर तरी आईने मुलीची बाजू घ्यावी. दोन आठवडे मी आंटीकडे गेले नाही. तिने जिन्यातून हाक मारली, 'इट ऑलरेडी?' तर खोटंच हो म्हटलं. मग एका संध्याकाळी ऊन असंच फरशीवर होतं, आणि मी त्यात उभी होते, आणि मला जे वाटत होतं ते तसंच होतं, जराही कमी नाही. पण ते बघताना खालून पिशवी पायरीवर ठेवल्याचा आवाज आला. एवढाच आवाज, मग थोडं थांबून परत.

आम्ही सह्या केल्या. वकिलाच्या ऑफिसात, दोघांनी. तुझा जावई माझ्याकडे बघत होता, त्याला वाटलं मी पेन ठेवून उठेन. बाहेर आल्यावर म्हणाला, 'पुण्याला जायचं म्हणून नाही ना केलीस?' मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही केली. त्याला बरं वाटलं. आंटीला सांगितलं तर तिने आत जाऊन पपई कापून आणली. थोड्या वेळाने म्हणाली, नव्या घरात एकच खुर्ची मावेल, दुसरी तू ने. मी नको म्हटलं नाही. मला हवी होती.

इमारत अजून उभी आहे. घेणारा मिळायला, परवानग्या यायला वेळ लागतो, काहींना वर्षानुवर्षं लागतात. ज्या लोकांना मी रविवारी घर दाखवत होते त्यांच्यातले काही रागावले, त्यांचं बरोबरच आहे, मीही रागावले असते. आता ते दुसऱ्या वाटेने प्रयत्न करताहेत, कुणी घेतलं तरी निदान जिने आणि दर्शनी भाग राखून बांधावं म्हणून. झालं तर फार छान होईल. मी त्यांना हवं ते देते, मोजमापं, फोटो. तुझी नात येऊन फोनने सगळं घर स्कॅन करून गेली. 'फाइव्ह मिनिट्स, आई. एव्हरी कॉर्नर.' आणि खरंच, स्क्रीनवर घर गरागरा फिरतं, छताकडूनही बघता येतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. तू असतीस तर खुर्ची ओढून तासभर बसली असतीस. पण मग मी ब्रास बसाहच्या कागदाच्या दुकानात जाऊन ट्रेसिंग पेपर आणला.

पेन तुझंच. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तू दिलंस आणि म्हणालीस, वाळू देऊ नकोस. वाळलं होतं, कधीच. कोमट पाण्यात चार दिवस भिजवलं, शेवटी निळसर काळं पाणी सुटलं, आणि मला उगीचच रडू आलं. तुझ्या जावयाला टेपचं दुसरं टोक धरायला लावून घर मोजलं. तो म्हणाला, एवढं नेमकं मोजतेस, पाडणाऱ्यांना उपयोग होईल. पेन्सिलीचा नकाशा केला, त्यावर कागद ताणला, पावडर फिरवली. इथे दमट फार, मनगटाखाली रुमाल घेतला तरी कागद फुगतो, म्हणून एसी लावून बसते. त्या एसीसाठी जाळीवर पडदा ओढावा लागतो, हे तुला सांगायला लाज वाटते. भिंती झाल्या, जिना झाला, कठड्याचा गोल झाला. आणि मग जाळी आली.

आई, किती अवघड असतं ते. मी डबा खात बघायचे तेव्हा मला काय कळत होतं? एक सोडून एक. हात धरून ठेवायचा, श्वास धरून ठेवायचा, कंपासचं टोक कागदातून पलीकडे जाऊ द्यायचं नाही. मधल्या भरायला परत यायचं तर मान वळत नाही. आणि मला तरी रोज संध्याकाळी बघायला मिळतं की हे कशासाठी, तू तर ते न बघता करायचीस, महिन्यामागून महिने, त्या मोरीच्या वासात, तितकाच जीव लावून. जाळी बघून मला जे होतं त्याहून मोठं काहीतरी मला तुझ्या त्या मागच्या रांगेतल्या टेबलाकडे बघून होतं आता. इतक्या उशिरा होतंय, पण होतंय.

काल संपलं. कोपऱ्यात तीन रकाने केले. काढलं, ट्रेस केलं, ह्या दोन्हींत माझी आद्याक्षरं घातली, मुंगीएवढी. तपासलं, हा मोकळा ठेवलाय. हे पत्र नकाशाच्या मागे घडी करून ठेवते, पाठवायची सोय नाहीच. एक मात्र कबूल करते. जाळीत एका ठिकाणी पाकळी उलटी पडली आहे. कळल्यावर ब्लेड हातात घेतलं होतं, पण तिथे आधीच दोनदा खरवडून झालं होतं. मग ठेवून दिलं. कुठे आहे ते सांगत नाही. कागद उलटा करून बघ.